सरदाराच्या भिंतीला टेकून

आमच्या घराच्या तीन भिंती पत्र्याच्या होत्या आणि चौथी सरदाराची. कोणत्या सरदाराची ते वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला त्याची गरजही नव्हती. सदाशिव पेठेच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने ती काळ्या दगडांची भिंत जायची, दोन पुरुष उंच, आणि तिच्या पायाशी आमची घरं एकमेकांना चिकटून बसलेली. दादा, म्हणजे माझे वडील, परभणीकडून पुण्याला आले तेव्हा त्यांनी हीच जागा का धरली, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "एक भित आयती मिळाली. तीन पत्र्यात भागलं." इतकं साधं उत्तर. मी पुढे आयुष्यभर इतिहास शिकवला, पण एखादी जागा माणसं का निवडतात याचं याहून सरळ उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

त्या भिंतीचा एक स्वभाव होता. उन्हाळ्यात दुपारी पत्रे तापून घरात बसवेनासं झालं की आम्ही पाठ उघडी करून तिला टेकून बसायचो. पाठ गार, तोंडावर घाम. पावसाळ्यात तिला पाझर फुटायचा आणि माय तिच्या बुडाशी गोणपाट लावून ठेवायची. थंडीत चुलीची ऊब तिच्यात पहाटेपर्यंत राहायची, म्हणून माझी झोपायची जागा चुलीशेजारी. दगडांच्या सांध्यांत दादांनी खिळे ठोकले होते. एकावर आरसा, एकावर दादांचा सदरा, एकावर माझं दप्तर, एकावर दुकानातून मिळालेलं कॅलेंडर. चुलीच्या वरच्या दगडात कुणीतरी कमळ कोरलेलं होतं, पाकळ्या झिजलेल्या. माय रोज आंघोळ झाली की त्याला कुंकवाचं बोट लावायची. कुठला देव, असं विचारलं तर म्हणायची, "दगडात एवढं बारीक फूल कुणी उगं काढतंय का? देवाचंच आसंल."

भिंतीच्या पलीकडे मंगल कार्यालय होतं. जुन्या बागेच्या जागेत मालकाने हॉल बांधला होता आणि मागे, अगदी भिंतीला लागून, मुदपाकखाना. त्यामुळे आमच्या घरात लग्नाचे सगळे आवाज यायचे, दिसायचं मात्र काही नाही. सनई, मग अष्टकं, मग टाळ्या आणि बॅण्डचा एकदम उसळणारा गोंधळ. वस्तीतल्या आम्हा मुलींना अष्टकं पाठ होती. कुठल्या वळणावर आवाज चढणार, कुठे एखाद्या हौशी मावशीचा सूर घसरणार, सगळं. मायच्या भाषेत वाढलेली मी पलीकडची भाषा अशी कानाने शिकले. 'आपण बसून घ्यावं', 'सावकाश होऊ द्या'. एकदा दादा घाईघाईने भाकरी खात होते तर मी म्हणाले, "सावकाश होऊ द्या." माय तव्यावरची नजर न उचलता म्हणाली, "सावकाश केलं तर तिकडं मुकादम दुसरा गडी लावंल." दादा तेव्हा कोथरूडला सेंट्रिंगच्या कामावर जात. कोथरूड नुकतं उभं राहत होतं. आज मी तिथेच एका सोसायटीत राहते आणि कधीकधी जिन्यातल्या स्लॅबकडे बघते. विचारायला दादा आता नाहीत.

भिंतीत, आमच्या आणि शेजारच्या शेवंतामावशीच्या घराच्या मध्ये, एक भोक होतं. पातेलं आडवं करून जाईल एवढं, कडेने घडीव दगड बसवलेलं. वस्तीत त्याला खिडकी म्हणत. लग्नाच्या दिवशी पंगती उठल्या की पलीकडून पळी आपटल्याचा आवाज यायचा आणि खिडकीतून एक हात बाहेर यायचा. आचाऱ्याचा हात. कोपरापर्यंत बेसन लागलेला, करंगळीला तांब्याची अंगठी. चेहरा मी कधी पाहिला नाही. हात पातेलं पुढे करायचा आणि आवाज म्हणायचा, "धरा लवकर, मालक येतील." मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची पिवळी भाजी, मठ्ठा, कधी जिलबी. शेवंतामावशी सगळ्या घरांत वाटायची. ती कार्यालयाच्या दारातच गजरे विकायची, त्यामुळे नवरी कशी होती, नवऱ्याची आई कशी फुगून बसली होती, हे जेवणासोबत तिच्याकडून मिळायचं. मायला ते जेवण मनापासून आवडायचं नाही. मसालेभात ती पुन्हा फोडणीला टाकायची, दोन हिरव्या मिरच्या ठेचून. "भाताला गूळ घालत्यात का काय ही माणसं," म्हणायची, आणि खायची. चातुर्मास लागला की पलीकडे शांत व्हायचं. देव झोपले, लग्नं बंद. माय म्हणायची, "देव झोपले की आपली चूल पेटती." तिच्या आवाजात तक्रार असायची की सुटका, हे मला तेव्हाही नीट कळायचं नाही.

मी अकरावीत असताना मालकाने कार्यालय पाडून तिथे फ्लॅट बांधायचं ठरवलं, आणि फ्लॅटसाठी भिंत पाडायची. ही बातमी शेवंतामावशीनेच आणली. वस्तीत त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. भिंत गेली म्हणजे प्रत्येक घराचं एक अख्खं अंग उघडं पडणार, आणि एकदा यंत्र आलं की ते भिंतीपाशी थांबणार थोडंच. याच सुमारास देवधर सर आमच्याकडे आले. पेठेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, खांद्याला शबनम, इतिहासाची आवड असणाऱ्या पाच-सहा माणसांचं त्यांचं मंडळ होतं. आमच्या दारात वाकून ते आत आले आणि चुलीवरच्या कमळाकडे बघत इतका वेळ उभे राहिले, की मायने न राहवून स्टूल पुढे केलं. मग खिडकी पाहिली. तिच्या दगडांवरून बोटं फिरवत म्हणाले, "हे नहरीचं तोंड आहे. बागेला पाणी सोडायचं. अहो, तुम्हाला माहीत नाही तुम्ही कुठे राहता ते."

माय म्हणाली, "ओढ्यात राहतो."

सर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. ही भिंत जुनी आहे असं कचेरीत मान्य झालं, तर मालकाला ती पाडता येणार नाही. मालक म्हणतोय की झोपड्यांनी भिंत खिळखिळी केली, ती कोसळेल, म्हणून पाडू द्या. तेव्हा भिंत धडधाकट आहे हे पाहणीला येणाऱ्या साहेबांना दिसलं पाहिजे. "भिंत वाचली की तुम्ही वाचलात," ते म्हणाले. त्यांचा त्यावर विश्वास होता. हे मी आज मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे बरीच वर्षं मी मनात त्यांना लबाड ठरवायचा प्रयत्न केला, आणि ते जमलं नाही.

माझं बोलणं ऐकून सरांनी विचारलं, कुठे शिकलीस असं बोलायला? मी म्हटलं, "भिंतीपलीकडून." त्यांना ते फार आवडलं. ते मला शिकवायला लागले. नहर म्हणजे काय, चुन्याचा सांधा कसा ओळखायचा, घडीव दगड कोणता आणि ओबड कोणता. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे पेठेत जायचे. त्यांच्यासमोर मी मायला 'आई' म्हणायचे. पाहणीच्या दिवशी साहेबांशी सुमनच, म्हणजे मीच, बोलेल, असं त्यांनी वस्तीत जाहीर केलं तेव्हा दादांनी नवा सदरा घातला होता, जणू त्यांचाच सत्कार होता.

पाहणीच्या आधी आम्ही भिंत घासली. ही कल्पना कुणाची, ते मला खरंच आठवत नाही. सरांची असेल, माझीही असेल. साऱ्या वस्तीने खिळे उपटले. दादांनी आपला एकेक खिळा पक्कडीने असा ओढला की सांध्यातला चुना सुटू नये. आरसा, सदरा, दप्तर सगळं खाटेवर. मग पत्रे. पत्र्याच्या कडा दगडाला घासून चरे पडले होते, ते साहेबांना दिसू नयेत म्हणून घरांचे पत्रे वीतभर पुढे ओढले. भिंत आणि घर यांच्यामध्ये पहिल्यांदाच एक फट झाली, आणि तिथून उजेड आत आला. माझ्या जन्मापासून त्या बाजूने घरात कधी उजेड आला नव्हता. मायने कमळाचं कुंकू धुतलं, मग काथ्या आणि राख घेऊन चुलीमागची काजळी घासायला बसली. मी पाणी ओतत होते. वरचा तेलकट थर निघाला. खाली दुसरा काळा थर होता, सुका, दगडात मुरलेला. तो निघेना. माय काथ्या टाकून त्याकडे बघत बसली.

"वरचं काळं माझं हाय," ती म्हणाली. "हे माझं न्हाई."

"मग कुणाचं?"

"मला काय ठावं. आपल्या आदी बी कुणी भाकरी थापली आसंल हितं."

मी ते सरांना सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

साहेब सकाळी आले. बरोबर दोन माणसं, मालकही. वस्ती धुतल्यासारखी दिसत होती. रात्रीचं अळू की काय, त्याचा वास मात्र होता. सगळे ओळीने उभे, बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेले, शेवंतामावशी सगळ्यांच्या मागे, कारण तिला मालकासमोर यायचं नव्हतं, उद्या गजरे त्याच्याच दारात विकायचे होते. मी बोलले. नहर सांगितली, चुना दाखवला, कमळ दाखवलं. साहेब मान डोलवत होते. मालक म्हणाला, "साहेब, यांची पोपटपंची सोडा. या झोपड्यांचा भार घेऊन भिंत कधी बसेल सांगता येत नाही." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "काय गं, तुमची घरं या भिंतीवर उभी आहेत का?"

मी सरांकडे पाहिलं. हा प्रश्न आम्ही घोटवला नव्हता. उत्तर माझं होतं, पूर्णपणे माझं, आणि मला आठवतं, बोलताना मला त्या वाक्याचा अभिमान वाटत होता. "नाही साहेब. आमच्या घरांचा भार भिंतीवर अजिबात नाही. ती नुसती टेकली आहेत. भिंतीला धक्का न लागता ती कधीही बाजूला होऊ शकतात." आणि मी वीतभर फटीत हात घालून दाखवला.

साहेब म्हणाले, "छान." सरांनी मान हलवली. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

भिंत वाचली. मालकाला फ्लॅटचा नकाशा बदलावा लागला. त्या दिवशी वस्तीत चहा झाला, देवधर सर जमिनीवर मांडी घालून बसून प्यायले. आणि मग, पुढच्या उन्हाळ्याच्या आधी, नोटीस आली: भिंतीच्या जतनासाठी तिला लागून असलेली घरं हलवण्यात येतील. हलवता येण्याजोगी आहेत असं पाहणीत आढळलं होतं. मी ती नोटीस वस्तीला वाचून दाखवली, कारण वाचायचं काम माझ्याकडेच असायचं. ते वाक्य वाचताना माझा आवाज बदलला का, हे कुणी मला कधी सांगितलं नाही.

मी सरांकडे धावत गेले. ते खुर्चीत बसून होते, चष्मा हातात. म्हणाले, "मी अर्जात घरांबद्दल काही लिहिलंच नव्हतं गं." मग चष्मा डोळ्यांना लावत म्हणाले, "मला वाटलं होतं, दोन्ही राहतील." त्यांनी नंतर दहा दारं ठोठावली असतील. त्याने झालं एवढंच, की ज्यांच्याकडे कागद होते त्यांना खोल्या मिळाल्या, येरवड्याच्याही पुढे. आमच्याकडे होते. शेवंतामावशीकडे नव्हते, तिच्या नवऱ्याबरोबरच ते कुठेतरी गेले होते.

सामान बांधत असताना ती आमच्या दारात आली. तिच्या पदरात त्या दिवशीचे न विकलेले गजरे होते. मला म्हणाली, "सुमे, एक इचारू का गं? तवा मी मागं व्हते, आयकू आलं न्हाई. त्या सायबाला तू काय बोललीस?"

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. तिला खरोखरच ऐकू आलं नव्हतं आणि सगळ्यांनी त्या बोलण्याचं कौतुक केलं होतं, म्हणून जाण्याआधी ते ऐकायचं होतं. माय चुलीपाशी पाठमोरी होती. तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "काही नाही मावशी. भिंतीचं सांगितलं."

"चांगलं बोललीस म्हनत्यात," मावशी म्हणाली आणि माझ्या वेणीत एक गजरा माळून गेली. कुठल्या ओढ्यावर गेली, कुणाकडे गेली, कळलं नाही. मी शोधलं, असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा विचारपूस केली, एवढंच खरं आहे.

नवी खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दादा म्हणाले, "आता चारी भिती आपल्या." मायने आरशासाठी खिळा ठोकला तर गिलाव्याचा पापुद्रा खाली आला. तिने तो हातात घेऊन कुस्करला. "टेकायला एक बी न्हाई," म्हणाली. त्याच दमात उठून मोरीतला नळ सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. "पर नळ चांगला हाय." तिथून पेठेतल्या धुण्याभांड्यांच्या कामांना जायला तिला दोन बस बदलाव्या लागायच्या. ती दमून यायची आणि तरी कुणी पाहुणा आला की आधी नळ दाखवायची. आम्ही तिथे सुखी होतो की नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. माझं शिक्षण त्या खोलीत झालं. सरांनी शब्द टाकला म्हणून मला शाळेत नोकरी लागली, इतिहासाची शिक्षिका म्हणून. ते वाक्य मी बोलले नसते, तर साहेबांनी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं का, भिंत तरी राहिली असती का, की भिंत आणि घरं दोन्ही त्याच वर्षी गेली असती? मी हे सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आहे. कधी मी दोषी ठरते, कधी नुसती एक आगाऊ मुलगी. मायला मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. त्या दिवशी थांबलेले तिचे हात मात्र मला दिसतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची नववीची सहल त्या भिंतीपाशी गेली. मी ती टाळायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या बाई आजारी पडल्या. आता तिथे फरशी आहे, बाकं आहेत, संध्याकाळी पिवळे दिवे लागतात म्हणे. खिडकीला लोखंडी जाळी. एक तरुण मुलगा मुलांना माहिती सांगत होता, उत्साही, गळ्यात ओळखपत्र. नहरीचं बरोबर सांगितलं त्याने. मग कमळाखालच्या दगडाकडे बोट केलं. "आणि हा जो ब्लॅक पॅच दिसतोय ना, तो बेसिकली जळाल्याचा आहे. इथे कुठल्यातरी लढाईत आग लागली असणार. म्हणजे इमॅजिन करा, केवढी मोठी आग असेल."

मुलं फोटो काढत होती. त्या डागाच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, सांध्यात एक बारीक भोक होतं. दादांच्या सदऱ्याचं की दप्तराचं, ते मला ओळखता आलं नाही. मी बोट घातलं तर ते पेरभर आत गेलं.

"मॅम, काही अ‍ॅड करायचंय का?" मुलाने विचारलं.

"तिथे चूल होती," मी म्हणाले.

"चूल? ओके, म्हणजे सैनिकांची?"

"नाही. माझ्या आईची."

सगळा वर्ग हसला. त्यांचा काही दोष नाही. मी वर्गात असंच बोलते, कोरड्या आवाजात. कुणी चुकीचं उत्तर दिलं की असाच एखादा टोला देते. त्यांना वाटलं, बाईंनी त्या मुलाची फिरकी घेतली. तोही बिचारा हसला. मला पुढे सांगायचं होतं की तो सगळा डाग आमचा नाही, खालचा आमच्या आधीच्या कुणाचा तरी आहे, कदाचित तुझी आगही खरी असेल, मलाही नक्की माहीत नाही. शेवंतामावशीचं नाव घ्यायचं होतं. पण हसणं अजून थांबलं नव्हतं, आणि ते थांबेपर्यंत माझ्याकडचे शब्द संपले होते.

मागून एका मुलीने मोबाईल उंच धरला. गोड मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, शुद्ध बोलते.

"बाई," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का? भिंत दिसत नाहीये."

मी भोकातून बोट काढलं आणि बाजूला झाले.